बोटाचा रिपोर्ट, शिरेचा रिपोर्ट आणि बंद झालेलं दूध

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकीचं कळलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. मुलगा ७ वर्षांचा. जुलैपासून त्याच्या अंगावर अधूनमधून पित्त उठतं. लाल, खाजऱ्या गांध्या येतात आणि काही तासांत विरतात. सकाळी उठल्या उठल्या शिंका आणि नाक गळणं हे त्याच्याही आधीपासूनचं. मनीषनगरच्या तुमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं, तिथे बोटाला टोचून चार थेंब रक्त घेतलं आणि दोनशेहून जास्त खाद्यपदार्थ तपासले. रिपोर्टमध्ये दूध, दही, गहू, तूरडाळ, संत्रं, वांगं, शेंगदाणा धरून ३१ पदार्थ लाल रंगात आले. गणपतीच्या आधीपासून तुम्ही ते सगळे बंद केलेत. मुलाचं वजन २ किलोनं उतरलं, पित्त मात्र उठतंच आहे. मग मोठ्या दिरांच्या सांगण्यावरून दुसऱ्या लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन ‘अ‍ॅलर्जी प्रोफाइल’ केलं. त्यात दूध, गहू, तूर निगेटिव्ह आले. धुळीतले किडे, झुरळ, कोळंबी आणि थोडासा शेंगदाणा पॉझिटिव्ह. घर शुद्ध शाकाहारी, मुलानं कोळंबी आयुष्यात खाल्लेली नाही. म्हणून तुम्ही विचारता, बोटातलं रक्त खोटं की शिरेतलं? आणि सहा महिन्यांनी तिसऱ्यांदा तपासायचं का?

मी नागपुरात लहान मुलांचं आणि त्यातही अ‍ॅलर्जीचंच काम करते. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाली लिहिलेल्या काही गोष्टी त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मतावर अवलंबून राहतील. पण तुमचे दोन रिपोर्ट का जुळत नाहीत, हे मुलाला न बघताही सांगता येतं. रक्त बोटातून घेतलं की शिरेतून, याचा त्याच्याशी जवळजवळ काही संबंध नाही. दोन्ही लॅबनी दोन वेगळ्याच गोष्टी मोजल्या आहेत.

आधी बोटाचा विषय संपवते. अ‍ॅलर्जीची आयजीई ही अँटिबॉडी बोटाच्या केशवाहिन्यांतल्या रक्तात आणि शिरेतल्या रक्तात सारखीच असते. ती बरीच टिकाऊही आहे. नीट घेतलेला बोटाचा नमुना चांगला चालतो. नीट म्हणजे हात कोमट पाण्यानं धुतलेले, स्पिरिट पूर्ण वाळलेलं, अनामिकेच्या किंवा मधल्या बोटाच्या कडेला टोचलेलं आणि पहिला थेंब पुसून टाकलेला. बोट पिळून पिळून रक्त काढलं की त्यात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं, लाल पेशी फुटतात आणि आकडे बिघडू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाचं बोट टोचत नाहीत, तिथे टाच वापरतात. सात वर्षांच्या मुलाला बोट चालतं. शिर शोधताना चार जणांनी हातपाय धरण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

खरी अडचण रक्ताच्या प्रमाणाची असते. आयजीई मोजण्याच्या नेहमीच्या यंत्रावर एका पदार्थासाठी साधारण ४० मायक्रोलिटर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, लागतं. शंभर पदार्थ असे एकेक करून तपासायचे तर ४ मिलिलिटर सीरम, म्हणजे ८ मिलिलिटरच्या वर रक्त. बोटातून तेवढं निघणार नाही. म्हणून चिप पद्धत आली. एका छोट्याशा पट्टीवर शे-दोनशे, काहींवर तर तीनशेच्या आसपास पदार्थांचे सूक्ष्म ठिपके असतात आणि १०० मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी सीरममध्ये सगळे एकदम तपासले जातात. तंत्रज्ञान खरं आहे आणि काही गुंतागुंतीच्या रुग्णांत मलाही उपयोगी पडतं. तेव्हा ‘बोटातल्या थेंबावर एवढं सगळं कसं कळेल, फसवणूकच असणार’ असं जे तुम्हाला कोणी म्हणालं, ते बरोबर नाही.

आता मुद्द्यावर येते. शिबिराच्या रिपोर्टचा फोटो तुम्ही टाकलाय, त्यात वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आयजीजी-४ लिहिलेलं आहे. दुसऱ्या रिपोर्टवर आयजीई. सगळा घोळ इथे आहे.

आयजीई ही मास्ट पेशींच्या पाठीवर बसलेली असते. तिचा नेमका पदार्थ आला की पेशी फुटते, हिस्टॅमिन बाहेर पडतं आणि मिनिटांत, फार तर दोनेक तासांत गांध्या, ओठांची सूज, उलटी, दम सुरू होतो. रक्तातलं तिचं प्रमाण अगदी नगण्य, आयजीजीच्या तुलनेत हजारो पटींनी कमी. आयजीजी आणि तिचा चौथा उपप्रकार आयजीजी-४ यांचं काम वेगळं. आपण जे रोज खातो त्याच्याविरुद्ध ही अँटिबॉडी निरोगी माणसात तयार होतच असते. तो शाळेच्या हजेरीपटासारखा प्रकार आहे: कोण वर्गात येऊन गेलं ते कळतं, दंगा कोणी केला ते त्यात लिहिलेलं नसतं. उलट अ‍ॅलर्जीच्या उपचारात एखादा पदार्थ शरीराला पचू लागला की त्याची आयजीजी-४ वाढते. म्हणजे ती वाढलेली दिसणं हे बऱ्याचदा शरीरानं तो पदार्थ स्वीकारल्याचं लक्षण. युरोपच्या अ‍ॅलर्जी अकादमीनं २००८ मध्येच स्पष्ट सांगितलं की खाद्यपदार्थांची अ‍ॅलर्जी शोधायला आयजीजी-४ ची तपासणी करू नये. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनीही नंतर तेच म्हटलं.

माझ्याकडे असा लाल रिपोर्ट घेऊन कोणी आलं की मी तो बाजूला ठेवते आणि विचारते, घरी रोज काय शिजतं? बहुतेक वेळा आईच्या तोंडून निघालेली यादी आणि रिपोर्टमधली लाल यादी सारखीच निघते. वैदर्भी घरात तूर, गहू, दूध, शेंगदाणा, वांगं हे यायचंच. मागे एका आजीबाईंनी रिपोर्ट ऐकून विचारलं होतं, ‘‘कावून जी, लेकरानं मंग खावं तरी काय?’’ पूर्ण चर्चेतला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

आता दुसरा, आयजीईचा रिपोर्ट. तिथे योग्य गोष्ट मोजली आहे, पण म्हणून त्यातलं प्रत्येक पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी असंही नाही. अंगात आयजीई असणं म्हणजे संवेदनशीलता. पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं म्हणजे अ‍ॅलर्जी. या दोहोंमध्ये केवढी दरी असते त्याचा आपल्याच देशातला आकडा आहे. बंगळुरू आणि म्हैसूर भागातल्या प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २६.५ टक्के लोकांत कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई सापडली, पण लक्षणांशी जुळवल्यावर खाद्यपदार्थाची अ‍ॅलर्जी संभवते असे निघाले १.२ टक्के. म्हणजे रक्तात सापडलेल्या वीस-बावीस जणांमागे जेमतेम एक.

कोळंबीचं कोडं यातूनच सुटतं. धुळीतले किडे, झुरळ आणि कोळंबी हे दूरचे नातेवाईक. तिघांच्याही स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. धुळीच्या किड्यांविरुद्ध तयार झालेली आयजीई चिपवरच्या कोळंबीच्या ठिपक्यालाही चिकटते. तुमच्या मुलाचा किड्यांचा आकडा १८ आहे आणि कोळंबीचा २.१, हे चित्र अगदी नेहमीचं. नागपुरातल्या शाकाहारी घरांतल्या मुलांच्या रिपोर्टात कोळंबी पाहून आईवडील हबकतात. मी पहिल्यांदा किड्यांच्या रकान्याकडे बघते. असाच दुसरा प्रकार वनस्पतींचा. परागकण, गहू, शेंगदाणा, भाज्या यांच्या प्रथिनांना साखरेच्या सारख्याच साखळ्या जोडलेल्या असतात. त्या साखळ्यांविरुद्धची आयजीई असली की एकदम वीस वनस्पतीजन्य पदार्थ पॉझिटिव्ह दिसतात आणि माणूस ते सगळे मजेत खात असतो. चांगल्या लॅब ही अडचण ओळखण्याची सोय ठेवतात, सगळ्या ठेवत नाहीत.

त्यात साधा हिशेबही बघा. समजा एखादी तपासणी इतकी चांगली आहे की अ‍ॅलर्जी नसलेल्या शंभर जणांपैकी पंच्याण्णवांना ती बरोबर ‘नाही’ म्हणते. अशी तपासणी एकाच मुलावर शंभर पदार्थांसाठी केली तर काहीही आजार नसताना पाचेक पदार्थ पॉझिटिव्ह येणार. एकही न येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. म्हणूनच मी ‘सगळंच तपासून टाका’ याच्या विरोधात आहे. लहान मुलात जास्त पदार्थ तपासले म्हणजे जास्त कळतं असं होत नाही, जास्त पदार्थ ताटातून जातात एवढंच होतं. तपासणीचा प्रश्न लक्षणांतून यायला हवा: अमुक खाल्लं, अर्ध्या तासात ओठ सुजले, दोनदा तसंच झालं, तर तो एक पदार्थ तपासायचा. पॅकेज स्वस्त पडतं म्हणून नाही.

इथवरचं थोडक्यात असं: बोट ठीक, पहिल्या रिपोर्टमधली अँटिबॉडी कामाची नाही, दुसऱ्यातली कामाची आहे पण तिचा अर्थ मुलाच्या इतिहासाशी जोडूनच लावायचा.

मग ताटाचं काय? इथे मी घाई करायला सांगते, फक्त एका पदार्थाचा अपवाद ठेवून. दूध, दही, गहू, तूर हे आयजीईमध्ये निगेटिव्ह आहेत, आणि तुम्हीच लिहिलंय की सप्टेंबरपर्यंत तो हे सगळं रोज खात होता, खाल्ल्यावर लगेच कधी काही झालं नाही. हे पदार्थ घरीच परत सुरू करा, आजपासून. वांगं, संत्रं आणि बाकीचे दुसऱ्या पॅनेलमध्ये तपासलेच गेले नसतील, तरी तोच नियम: आधी खाऊन त्रास नव्हता तर द्या. आंबिया बहाराची संत्री बाजारात असताना नागपूरच्या पोराला ती नाकारायचं कारण मला तरी दिसत नाही. आंबट खाल्लं की पित्त उठतं ही समजूत घरोघरी आहे, पण अंगावरच्या गांध्यांचा आंबटाशी सहसा संबंध नसतो.

अपवाद शेंगदाण्याचा. आकडा ०.६ म्हणजे कमीच, ०.३५ ही पॉझिटिव्ह मानण्याची जुनी सीमारेषा, तिच्या थोडा वर. पोहे, साबुदाणा उसळ, शेंगदाण्याची चटणी तो आधी बिनधोक खात होता, तेव्हा खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मला कमी वाटते. तरीही ज्या मुलाला मुळात अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती आहे आणि ज्याच्या रक्तात त्या पदार्थाची आयजीई आहे, त्याला तो पदार्थ काही महिने पूर्ण तोडून मग एकदम दिला तर क्वचित जोरदार प्रतिक्रिया येते. रोज खाण्यामुळे टिकून असलेली सहनशीलता तोडल्यानं जाऊ शकते. म्हणून शेंगदाणा पहिल्यांदा डॉक्टरांच्या समोर द्या, अगदी थोड्यापासून वाढवत नेऊन, जिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन तयार आहे अशा ठिकाणी. याला ओरल फूड चॅलेंज म्हणतात आणि अ‍ॅलर्जी आहे की नाही याचा शेवटचा निकाल हीच चाचणी देते. कुठलाही थेंब देत नाही. धंतोली-रामदासपेठेत मुलांची रुग्णालयं भरपूर आहेत, शिवाय मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स आहे. जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा: ‘देखरेखीखाली फूड चॅलेंज करता का?’ नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा. चॅलेंज होईपर्यंत शेंगदाणा बंद राहू द्या. आणि घरी कधी गांध्यांबरोबर उलट्या, आवाज घोगरा होणं, दम लागणं किंवा मूल एकदम मलूल पडणं असं काही दिसलं, तर गोळीची वाट न बघता थेट जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. तिथे मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन हाच पहिला उपचार.

२ किलो वजन उतरणं या वयात किरकोळ नाही. सात वर्षांच्या मुलाचं एकूण वजनच २२-२३ किलोच्या घरात असतं. अन्न तोडल्यामुळेच ते उतरलं असेल तर दूध-पोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात भरून यायला लागेल. तसं दिसलं नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, दुसरं कारण शोधावं लागेल. गव्हाबद्दल मनात खरोखर शंका असली, म्हणजे पोट फुगणं, जुलाब, वाढ खुंटणं असं काही, तर सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी वेगळी असते आणि ती गहू चालू असतानाच करायची. गहू बंद ठेवून केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दूध प्यायल्यावर नुसतं पोट गुडगुडतं, तीही अ‍ॅलर्जी नव्हे; ती दुधातल्या साखरेच्या पचनाची गोष्ट.

आता पित्त. ते जुलैपासून आहे, म्हणजे सहा आठवड्यांच्या कितीतरी पुढे गेलंय. इतके दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या गांध्यांमागे रोजचं अन्न फार क्वचित असतं. अन्नाची अ‍ॅलर्जी दर वेळी त्या पदार्थानंतर येते; या गांध्या कधी सकाळी, कधी झोपेत, कधी चार दिवस नाही आणि मग सलग तीन दिवस, असं तुम्ही लिहिलंय. आणि ३१ पदार्थ दोन महिने बंद करूनही त्या थांबल्या नाहीत, हा प्रयोग तर तुम्ही स्वतःच करून बघितलात. अशा पित्ताचं कारण बऱ्याच मुलांत सापडतच नाही आणि ते काही महिन्यांत, काहींचं वर्ष-दोन वर्षांत, आपलं आपण जातं. काहींचं घामानं उठतं, काहींचं थंड पाण्यानं, काहींच्या दप्तराचा पट्टा दाबतो तिथे. हे विचारून आणि साध्या चाचण्या करून कळतं, उदाहरणार्थ हातावर पाच मिनिटं बर्फ ठेवून. उपचार म्हणजे झोप न आणणारं नवीन पिढीचं अँटिहिस्टॅमिन रोज, ठरावीक काळ, वजनाप्रमाणे. ‘उठलं की दिलं’ या पद्धतीनं ते नीट ताब्यात येत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र वरचेवर देऊ नका. मेडिकलवाल्याकडून तर नाहीच.

शिंकांचं कारण तुमच्या रिपोर्टमध्ये आहे, फक्त तुमचं लक्ष कोळंबीकडे गेलं. धुळीचे किडे १८, आणि लक्षणं सकाळी अंथरुणातून उठताना. इथे रक्त आणि इतिहास दोन्ही जुळतात. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली राहिला की त्यांचं कठीण होतं. नागपूरचा कोरडा मे महिना खरं तर त्यांना मारकच, पण आपण बंद खोलीत कूलर लावून त्यांना पावसाळा करून देतो. आणि पाऊस सुरू झाल्यावरही उकडतं म्हणून कूलर चालूच राहतो, ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे गवताचे पडदे, ओल्याच, त्यावर बुरशी. कूलर लावा, नागपुरात दुसरं काय करणार, पण खिडकी किंवा दार उघडं ठेवून, टाकी वरचेवर साफ करून, दर हंगामाला ताट्या बदलून. आर्द्रा लागल्यावर तो बंदच करा. चादर-उशीचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात, गादी-उशीला घट्ट विणीची खोळ, अंथरुणातली मऊ खेळणी बाहेर. नाक वर्षभर चोंदलेलं असेल तर नाकातला स्प्रे रोज घ्यावा लागतो. डॉक्टर तो लिहून देतील. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आणि शेजारची फोडणी यांनीही शिंका येतात, पण ती अ‍ॅलर्जी नाही, नाकाची चिडचिड आहे. कुठल्याच चिपवर ती दिसणार नाही.

तुमच्या प्रश्नाखाली एका दादांनी विचारलंय की शेतात गाजर गवत उपटल्यावर मान आणि हात महिनाभर खाजतात, त्यांनीही बोटाची तपासणी करावी का? करू नका. त्या त्वचारोगात आयजीईचा संबंध बहुधा नसतो. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात आणि ती दोन ते चार दिवसांनी वाचतात.

तिसऱ्या तपासणीबद्दल: सहा महिन्यांनी पूर्ण पॅनेल परत नको. धुळीच्या किड्यांचा आकडा १८ चा १४ झाला काय आणि २५ झाला काय, उपचार लक्षणांवरच ठरतो. ज्या मुलाला दुधाची किंवा अंड्याची खरी अ‍ॅलर्जी आहे त्याची आयजीई वर्षातून एकदा बघण्यात अर्थ असतो, कारण पुष्कळ मुलं त्यातून मोठी होता होता सुटतात आणि आकडा उतरू लागला की चॅलेंज कधी करायचं ते ठरवता येतं. तुमच्याकडे फार तर शेंगदाण्यातल्या ‘अरा एच २’ या एका प्रथिनाची आयजीई चॅलेंजच्या आधी बघता येईल. ती निगेटिव्ह असली तर डॉक्टर जास्त निश्चिंतपणे पुढे जातील.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट न्याच, पण त्याहून उपयोगी पडेल ती दोन आठवड्यांची साधी नोंद: पित्त किती वाजता उठलं, आधीच्या दोन तासांत काय खाल्लं, ताप-सर्दी होती का, कुठली गोळी दिली होती. गांध्या दिसल्या की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ओपीडीत नंबर लागेपर्यंत त्या गेलेल्या असतात. आणि वेळ घेताना विचारून घ्या की त्वचेवरची प्रिक टेस्ट करणार आहेत का. करणार असतील तर अँटिहिस्टॅमिन साधारण आठवडाभर आधी थांबवावं लागतं, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते आणि तुमची फेरी फुकट जाते. रक्ताच्या तपासणीला ते औषध चालू राहिलं तरी चालतं.